टिबुकलीच्या लाटा

तळ्यांना वाचा होती तेव्हाची ही गोष्ट. टिबुकली पक्षिणीचं लव्हाळ्याला अडकवलेलं तरंगतं घरटं वाऱ्याने सुटलं, तळ्याच्या मधोमध गेलं आणि हळूहळू बुडू लागलं. आत तिची अंडी होती. छातीने ढकलावं तर ओलं घरटं विस्कटेल, म्हणून ती पंख आपटून लाटा उठवू लागली. लाटा तरी त्याला काठाला नेतील!

लाटा काठाला पोचल्या. घरटं मात्र जागच्या जागी वरखाली होत राहिलं.

“पोरी,” म्हातारं कासव कळवळून म्हणालं, “लाट पुढे जाते, पाणी जागीच राहतं. ती निरोप नेईल, ओझं नाही नेणार.”

“मग मी करू तरी काय, आजोबा?”

ती पंख आपटतच राहिली.

अंड्यांतल्या पिल्लांना शेवटपर्यंत वाटत होतं, आई पाळणा हलवतेय.