घुबडाची फांदी

पक्षी नुकतेच घरटी बांधायला शिकले होते, त्या काळात एका तरुण सुतार पक्ष्याने फांद्या तपासून द्यायची कंपनी काढली. घरट्याआधी तो फांदी चोचीने ठोकून बघायचा आणि पोकळ असेल तर तोंडावर सांगायचा. कंपनीचं नाव झालं, तसं एक म्हातारं घुबड सल्लागार म्हणून येऊन बसलं. त्याने जन्मात एक काडी रचली नव्हती.

"एकेक फांदी ठोकत बसून कंपनी वाढते का रे पोरा?" घुबड म्हणालं. "साळुंक्या नेम. त्यांनी लांबूनच 'मजबूत आहे' म्हणायचं."

"आणि फांदी मोडली तर?"

"वारा होता म्हणायचं. आम्ही काय उगाच म्हातारे झालो?"

सुतार पक्षी ऐकेना. मग घुबडाच्या बोलण्यावर रानातल्या सगळ्या ज्येष्ठ पक्ष्यांनी माना डोलावून त्यालाच कंपनीतून काढलं आणि साळुंक्या रानभर 'मजबूत आहे' ओरडत सुटल्या.

एका सकाळी अंड्यावर आलेली बगळी काडी घेऊन चालली होती. घुबडाच्या झाडावर तिला ठकठक ऐकू आली. घुबडाने सुतार पक्ष्याला गुपचूप बोलावलं होतं.

"का, साळुंकी मोकळी नव्हती?" फांदी ठोकत तो विचारत होता.

बगळी थांबली. "घुबडकाका, माझी फांदी तर कुणी ठोकली नाही!"

"तुझं वेगळं आहे, बाई. इथे मी झोपतो."

"पक्की आहे ना रे ही?" तिने सुतार पक्ष्याला विचारलं.

"एकदम."

बगळीने काडी तिथेच ठेवली. संध्याकाळपर्यंत त्या फांदीवर इतक्या जणींच्या काड्या आल्या, की घुबडाला पाय टेकायला जागा उरली नाही.