ठकूची चढण

धनगरवाड्यावरून पाहिलं, तर कडजाईचा धबधबा अगदी हाताशी दिसतो. वाट लांबीने काहीच नाही. पण इतकी उभी, की शहरातली तरणी पोरं पहिल्या वळणावरच छाती धरून बसतात. या वाटेला ठकूची चढण म्हणतात. वाटाड्या कोंडिबा येडगे तिची गोष्ट पायथ्याशीच सांगून टाकतो. वर ऐकायला कुणात दम उरत नाही, असं त्याचं म्हणणं.

फार जुन्या काळी एका उन्हाळ्यात हे बारमाही पाणी एकाएकी बंद झालं, असं सांगतात. वर दरड कोसळली आणि धार तुटली. मेंढरं तडफडून मरू लागली. तेव्हा वाड्याने कड्यावरच्या देवीला नवस बोलला, कडजाई, आम्ही एकूणएक तुझ्या पायाशी येऊ, पाणी सोड.

ठकू जन्मापासून पायाने अधू. निघताना थोरला भाऊ बिरू तिला म्हणाला, "तू कशाला येतीस? तुझ्या वाटचं हात आम्ही जोडतो की."

ठकूला ते फार झोंबलं. नवस एकूणएकाचा होता, आणि ती काही वाड्याबाहेरची नव्हती. सगळे गेल्यावर तिने पदर खोचला आणि तळहात टेकत, रांगत चढायला लागली. गुडघे सोलून निघाले. मागे फिरायचं मनात आलं नाही असं नाही. पण आलं तसं तिने ते झटकून टाकलं.

वर देवी काही पावली नाही. माणसं तोंडं पाडून परतली, तो अर्ध्या वाटेत ही भेटली. तिचे गुडघे पाहून बिरूचा जीव कळवळला.

"चल, पाठीवर घेतो."

"नगं. माझी मी जाईन. यायचं तर मागनं या."

आणि अख्खा वाडा निमूट तिच्या मागे, तिच्या चालीने चढू लागला म्हणे. कड्याजवळ ठकूचा तळहात एका धोंड्यावर थबकला. भर उन्हात धोंडा गार होता. तिने कान लावला, तर आत पाणी घुमत होतं. जाता-येता सगळे त्याच धोंड्यावर पाय देऊन गेले होते. आता सगळ्यांनी खांदे लावून तो बाजूला सारला, तशी धार उसळून कड्यावरून कोसळली. ठकू चिंब भिजली आणि बिरूच्या गळ्यात पडून रडली. देवी नवसाला पक्की होती, कोंडिबा म्हणतो. माणूस एक कमी भरत होतं.

आजही या चढणीवर सगळ्यांत हळू चालणारा पुढे असतो आणि त्याला कुणी ओलांडत नाही. गोष्ट संपली, की कोंडिबा जमलेल्यांवरून नजर फिरवतो आणि मागे उभ्या असलेल्या एखाद्या थकलेल्या बाईंना हाक मारतो, "ताई, तुम्ही पुढं व्हा. आम्ही हाय मागं."