गाडीच्या तोंडावरचे महाराज

"...पण मग राहिलं काय, महाराज? इंजिन सोडून सगळं बदललं की हो!"

इराप्पाशेट घाटाच्या ऐन मध्यावर उभे होते. त्यांची जुनी पिकअप बॉनेट वासून वाफा सोडत होती. शेटही साधारण तेच करत होते.

इराप्पाशेट म्हणजे हरळगावचे गुळाचे व्यापारी. गावच्या देवळावर आज कळस चढायचा होता, तो कोंडीबुवा महाराजांच्या हातून. "महाराज खिंड चढून येतील ते माझ्याच गाडीतून," असं शेट गावभर सांगून बसले होते.

आणि मागून शेटशी कायम चढाओढ करणाऱ्या शिवगोंडा पाटलांची जीप येत होती. हळूहळू, मुद्दाम, आशेने.

"रेडिएटर धुतला," शेट सांगू लागले. "पाण्याचा पंप नवा. थर्मोस्टॅट नवा. पंख्याचा पट्टा नवा. सपाटीला गप असते, चढ लागला की तापलीच! मिस्त्री म्हणाल तर एक सोडला नाही."

ते खरं होतं. येणारा प्रत्येक मिस्त्री गाडीपुढे आधी हात जोडायचा आणि मगच बॉनेट उचलायचा.

हात जोडायचा, कारण गाडीच्या तोंडावरच महाराज होते. पाटलांनी जीपच्या काचेवर महाराजांचा वीतभर फोटो चिकटवला, तेव्हा शेटना झोप लागेना. त्यांनी पेंटरला गाठून एका पत्र्यावर महाराज रंगवून घेतले आणि तो गाडीला पुढून बांधला... या दिव्यापासून त्या दिव्यापर्यंत. वर झेंडूची दंडाएवढी माळ, रोज ताजी.

शेटनी फडकं घेऊन रेडिएटरच्या झाकणाला हात घातला.

"राहू दे," महाराज म्हणाले. "रागात आहे ते. आत्ता तोंड उघडायला लावू नको."

एवढ्यात जीप येऊन थांबली.

"काय शेट, चहा ठेवलाय काय?" पाटलांनी वाफेकडे बघत विचारलं. "महाराज, या इकडं. जीप थंडगार आहे."

शेटचा चेहरा पडला.

"थांब जरा, पाटील." महाराज कठड्यावर टेकले. "इराप्पा, ये. बस इथं."

शेट बसले. महाराजांनी खांद्यावरची घोंगडी काढली आणि शेटच्या डोक्यावरून टाकून चांगली गळ्यापर्यंत गुंडाळली.

घोंगडीच्या आत शेटचे डोळे भरून आले. गुरूची घोंगडी, आणि तीही पाटलांच्या देखत!

"कसं वाटतंय?"

"धन्य झालो, महाराज."

"बरं. बस मग."

...

ऊन मी म्हणत होतं. लोकर टोचत होती.

"आता?"

"धन्यच आहे... पण जरा उकडतंय."

महाराजांनी घोंगडीखालून पाण्याचा तांब्या सरकवला. घटाघटा आवाज आला.

"आता?"

"अजून उकडतंय."

"नवा तांब्या मागवू?"

घोंगडीतून रिकामा तांब्या बाहेर आला.

"...महाराज, घोंगडीच काढली तर?"

"काढशील? माझी आहे ती."

शेटनी थोडा वेळ दम धरला. मग घोंगडी ओढून काढली आणि माशासारखं तोंड उघडून वारा प्याले. चेहरा लालबुंद झाला होता.

महाराजांचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. ते पिकअपच्या तोंडाकडे बघत होते.

शेटनीही तिकडे पाहिलं. पत्र्यावरचे महाराज झेंडूच्या माळेतून प्रसन्न हसत होते. त्यांच्या मागे रेडिएटरची जाळी होती... असणार. दिसत तर बोटभरही नव्हती.

"अगं आई गं..." शेट पुटपुटले. मग आवाज आणखी खाली आणून म्हणाले, "पण तुम्हाला काढू कसं? तेही पाटलांसमोर?"

"मी इथं बसलोय."

"काढा काढा, शेट!" पाटील हसले. "आम्ही लावतो जीपला!"

"ने की," महाराज म्हणाले.

पाटलांनी एकदा पत्र्याकडे पाहिलं, एकदा वाफेकडे. "नको... आमचा काचेवरचा बरा आहे."

इंजिन निवलं. पाणी भरलं. पत्रा माळेसकट मागच्या हौद्यात गेला.

गाडीत बसताना महाराज म्हणाले, "खिंड यायच्या आत तापमानाचा काटा चढला, तर मी पाटलाच्या जीपमध्ये."

शेटनी गाडी काढली. नजर काट्यावर, ओठांवर नामस्मरण.

"इराप्पा, वळण आहे," महाराज म्हणाले. "अधूनमधून रस्ताही बघत जा."

काटा मध्यावर आला आणि जेवण झालेल्या माणसासारखा तिथंच पसरला. तिसरं वळण गेलं, मोठा चढ गेला. खिंड आली. खालून गावचे ढोल ऐकू येऊ लागले. मागे पाटलांची जीप होती, आता कसलीही आशा नसलेली.

शेटनी करकचून ब्रेक मारला, उडी टाकली, धावत पलीकडे गेले आणि महाराजांच्या बाजूचं दार उघडून अख्ख्या दारभर उभे राहिले. दोन्ही हात जोडलेले.

"महाराज! आज मला तुमची कृपा..."

"इराप्पा," महाराज म्हणाले, "बाजूला हो. वारा येऊ दे."