सगळ्यांत उंच जागा

पंजाबातल्या एका खेड्यात भाई सधारू नावाचे म्हातारे शीख सेवेकरी लंगर चालवत. तिथं जेवायला येईल त्यानं जमिनीवर पंगतीत बसायचं, मग तो राव असो की रंक. एकदा सुभ्याचे दिवाण अमोलकराम लवाजम्यासह आले आणि पंगत पाहून भडकलेच.

“मी या मोळीविक्याच्या मांडीला मांडी लावून बसू? सगळ्यांपेक्षा उंच जागा द्या, नाहीतर उद्यापासून तुमची चूल बंद!”

पंगतीत साठ माणसं उपाशी बसली होती. तरी भाई हसून म्हणाले, “आहे की, हुजूर! अशी एकच जागा आहे, आणि इतकी वर्षं मीच ती अडवून ठेवलीय. आज तुम्ही घ्या.”

असं म्हणून त्यांनी डाळीची बादली दिवाणांच्या हातात दिली. “इथं बसलेले सगळे सारखे. उंच काय तो एकटा वाढपी!”

पंगत खुदकन हसली. आता माघार घेणं दिवाणांना शोभेना. प्रत्येकापुढं वाकत वाकत त्यांनी साठही माणसांना वाढलं आणि कंबर धरून ते मोळीविक्याशेजारी धपकन बसले.

“भाई, तुमची उंच जागा तुम्हालाच लखलाभ! मला आधी डाळ वाढा.”