बारा दिवसांची लाल सही

टायफॉइडमधून उठून तनुजा बारा दिवसांनी शाळेत आली, तर घुगे सर वर्गाच्या दारातच गरजले, "राहिलेला सगळा गृहपाठ उद्या टेबलावर पाहिजे. माझ्या वर्गात सबबी चालत नाहीत!"

पोरीच्या अंगातला अशक्तपणा अजून गेला नव्हता. उतरवून घ्यायला तिनं मैत्रिणीची वही घरी नेली, चाळली आणि गालातल्या गालात हसली.

दुसऱ्या दिवशी तीच वही तिनं सरांपुढे उघडून ठेवली. "सर, मी आजारी पडल्यापासून हिच्यात तुमची लाल सही नाही. तुमचंही बारा दिवसांचं तपासणं राहिलंय. त्याला तुम्हाला जितके दिवस लागतील, तितकेच मला द्या."

सरांनी वही मिटली आणि आवाज खाली आणून विचारलं, "तनुजा, आपण दोघं दिवाळीपर्यंत करू या का?"