एकट्या चुलीचा धूर

समोर दिसतो त्या कड्याचं नाव धूरपाहणी. हल्ली पायथ्याला ‘व्ह्यू पॉइंट’ अशी पाटी लावली आहे. मी दोनदा सांगून पाहिलं, कोणी ऐकत नाही. तिथून दरी छान दिसते हे खरं, पण आमची माणसं तिथं दरी बघायला बसत नव्हती.

कंपनी सरकारच्या काळात इथल्या कोळ्यांनी बंड केलं. त्यांचा म्होरक्या कोंडू नाईक याच गावचा. तो आणि त्याची माणसं त्या कड्यावर दडून असत आणि भाकरीसाठी गावात उतरत. खूण ठरलेली होती. गावात पलटण असली की बायकांनी चुली पेटवायच्या नाहीत, शिळंपाकं खायचं. छपरांतून धूर दिसला की वाट मोकळी. शिपायांचा तळ ओढ्याच्या वळणाआड असायचा, त्यांच्या चुलींचा धूर कड्यावरून दिसत नसे.

एकदा पलटण आली ती हलेचना. गावातलं शिळं संपलं, लेकरं कच्चे तांदूळ चावू लागली. वर कड्यावर तर नुसते कंद चालले होते. त्या दिवसांत पलटणीला पाणी पुरवणारा एक पखालवाला तापानं फणफणून ठकीच्या ओसरीवर येऊन पडला. ठकीचा नवरा धावजी कोंडूबरोबर वर होता, म्हणजे हा माणूस शत्रूचाच. तो उठेना, आणि गरम काहीतरी द्या म्हणून हात जोडू लागला. ओसरीवर आलेल्या तापकऱ्याला गार पाणी पाजून वाटेला लावायचं आमच्यात कोणाला जमत नाही. ठकीलाही जमलं नाही. कारवीच्या वाळक्या काटक्यांना फारसा धूर होत नाही, एवढ्या भरवशावर तिनं वाटीभर पेज ठेवली.

धूर झाला. थोडाच, पण वाऱ्याचं नाव नव्हतं, तो छपरावर सरळ उभा राहिला.

आता माझं डोकं फिरतं ते इथून पुढं. अख्ख्या गावात एका छपरातून धूर! वरच्यांना एवढं कळू नये? कोंडू थांबा म्हणाला, असं काही सांगतात. काही म्हणतात, पहिला उठला तो कोंडूच. कोण जाणे. पोटात आग पडली की माणसाला जे हवं तेच दिसतं. आणि खरी चिडायची गोष्ट पुढंच आहे. पलटणीनं तेव्हा म्हणे तंबू उतरवायला घेतले होते! जरा दम धरला असता तर शिपाई आपल्या पायांनी चालते झाले असते. पण आमची माणसं रानवाटेनं उतरली आणि सरळ त्यांच्या हाती सापडली. बंदुकीचा एक बार झाला नाही. कोंडूला फाशी दिलं. धावजीला काळ्या पाण्यावर नेलं, त्याचं पुढं काय झालं ते कळलं नाही. बंड तिथंच संपलं.

गावाला राग काढायला ठकी सापडली. पंच बसले. तिला कोणी विस्तव द्यायचा नाही असं ठरलं. तेव्हा काडेपेट्या कुठल्या, चूल विझली की शेजारून निखारा आणायचा. तो बंद झाला म्हणजे गाव सोडून जा, असंच सांगणं. ठकी म्हणे गार चुलीपुढं बसून राहिली. जाणार कुठं?

शेवटी कोंडूची आई चिमाई उठली. खापरात निखारे घेऊन ती भर चावडीपुढून ठकीच्या घराकडं निघाली. पंच आडवे आले.

“ल्योक कुनाचा लटकला? माझा का तुमचा?” म्हातारी म्हणाली. “मंग सरका.”

तिनं ठकीची चूल पेटवली. मग बाहेर येऊन ओरडली, “पेटवा गं समद्या! वली लाकडं घाला!”

फाशी गेलेल्याच्या आईला नाही कोण म्हणणार? घराघरांत ओली लाकडं पेटली. धूर छपरांवर चढला, एकात एक मिसळला आणि दरी भरून गेली. चिमाईनं पंचांना हाताला धरून पटांगणात आणलं आणि वर बोट केलं.

“आता दावा, यात ठकीचा धूर कंचा?”



आजही आमच्या गावात अवेळी पाहुणा आला आणि एका घरात चूल पेटली, की शेजारणी आपापल्या चुली पेटवतात. आता गॅस आहे. त्याला धूर नाही, आणि सिलिंडर खालून डोक्यावर आणावा लागतो, म्हणून आमची सूनबाई कुरकुरते. मघाशी तुमचा चहा ठेवला तेव्हा पलीकडं दोन घरांत नुसतं पाणी उकळत होतं, ते यासाठी. कुरकुरतात, पण उठतात.

मागं शहरातून काही अभ्यासू मंडळी आली होती. ठकीच्या घरावर पाटी लावायची म्हणून घर दाखवा म्हणाली. मी त्यांना घरोघर हिंडवलं. प्रत्येक घरात एकच उत्तर मिळालं, “हेच ते.” मंडळी वैतागून गेली. मीही वैतागलो, कारण लहानपणापासून विचारतोय. खरं घर कोणतं, ते आज गावात कोणालाच माहीत नाही.