मान आखडेना

पिशवीतल्या लेन्स एकमेकींशी बोलत, त्या काळची गोष्ट. विमानांच्या कसरतींचे फोटो काढायला सुलक्षणाबाई निघाल्या, तशी त्यांची झूम लेन्स चुळबुळू लागली. "मान लांब केली की वैमानिकाच्या मिशासुद्धा मोजीन!"

"विमानं जवळ आली की मान आखडती घे हो," म्हातारी छोटी लेन्स म्हणाली.

"आखडायला मी काय कासव आहे?"

नऊ विमानं गर्जत डोक्यावर आली. तिची मान आखडायला बाई लेन्सचं कडं फिरवत राहिल्या, पण ही हटून बसली. तेवढ्यात विमानं चहूकडे फाकली आणि मैदान ओरडलं, "बघा, जास्वंद उमलली!"

लेन्स पिशवीत परतली. म्हातारीने अधीरपणे विचारलं, "कशी होती गं जास्वंद?"

"एका शेपटीवर अकरा खिळे आहेत," ती पुटपुटली.